‘फ्लाय-बाय-वायर’ : तार, संदेश आणि जबाबदारी

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी एअरबस कंपनीने ए-३२० कुळातील सुमारे सहा हजार विमानांविषयी तातडीची सूचना प्रसृत केली. सूर्यापासून येणाऱ्या तीव्र प्रारणामुळे या विमानांच्या नियंत्रण-संगणकातील महत्त्वाची माहिती विकृत होण्याचा संभव आहे, असे तीत म्हटले होते. त्याआधी ३० ऑक्टोबर रोजी मेक्सिकोतील कॅनकूनहून अमेरिकेतील न्यूअर्ककडे निघालेले जेटब्लू कंपनीचे विमान वैमानिकाने आज्ञा दिलेली नसताना एकाएकी खाली झुकले होते आणि त्यात काही प्रवासी जखमी झाले होते. भारतात इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस यांची मिळून तीनशेहून अधिक विमाने या सूचनेच्या कक्षेत आली. संगणकातील आज्ञावली बदलण्याचे काम दोन-तीन दिवसांत उरकले, काही उड्डाणांना विलंब झाला आणि प्रकरण विस्मरणात गेले. मात्र त्या दोन-तीन दिवसांत जो शब्द सर्वतोमुखी झाला, त्याचा अर्थ बहुतेकांना अस्पष्टच राहिला. तो शब्द म्हणजे ‘फ्लाय-बाय-वायर’.

हा शब्द केवळ वैमानिकांच्या व अभियंत्यांच्या परिभाषेतला आहे, सामान्य माणसाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे म्हणून चालण्यासारखे आता राहिलेले नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. हा विमानतळ रायगड जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत, पोलादपूर तालुक्यातील कापडे हे गाव आहे. पनवेलला सुरू होणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ महाड आणि पोलादपूर यांवरूनच पुढे जातो. ज्या खोऱ्यांतील घरटी एक माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या नोकरीवर गेला, त्या खोऱ्यांना विमान ही आता परक्या मुलखातील वस्तू नाही. आजवर येथील लोकांनी विमानविद्येचे जवळून दर्शन घेतले ते बहुधा संकटकाळीच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, तेव्हा नौदलाची आणि तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे नदीवर घिरट्या घालीत वाहून गेलेल्यांचा शोध घेत होती. त्या हेलिकॉप्टरांत वैमानिकाचा हात आणि फिरते पंख यांच्यामध्ये दांड्यांची व सांध्यांची सलग साखळी होती. आज नवी मुंबईला उतरणाऱ्या ए-३२० विमानात तशी साखळी जवळजवळ उरलेली नाही. या एका फरकात त्या शब्दाचा सगळा आशय साठलेला आहे.

‘तार’ या शब्दाचे दोन अर्थ

शब्दाचे भाषांतर ‘तारेने उडणे’ असे केले की लागलीच फसगत होते. कारण खऱ्याखुऱ्या तारांनी नियंत्रित होणारी विमाने ती जुनी विमाने. त्यांत वैमानिकाच्या हातातील दांड्यापासून शेपटीवरील आणि पंखांवरील हलत्या फळ्यांपर्यंत पोलादी दोर ताणलेले असत. दांडा मागे ओढला की कप्प्यांवरून दोर सरके, शेपटीवरील फळी वर उचलली जाई आणि विमानाचे नाक वर होई. विमाने मोठी व वेगवान झाली, तेव्हा निव्वळ मनगटाचे बळ अपुरे पडू लागले. मग तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे मदतीला आली. तरीही त्या यंत्रांची झडप उघडण्याचे काम दोर व दांडेच करीत. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरकडे एस. टी. नेणाऱ्या चालकाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. पॉवर स्टीअरिंगमुळे चक्र हलके फिरते, पण चक्र आणि पुढची चाके यांच्यामधला लोखंडी सांधा कायम असतो. तेलाचा दाब गेला तरी गाडी वळते, फक्त वळवायला जोर लागतो.

‘फ्लाय-बाय-वायर’ पद्धतीत हा सांधा काढून टाकलेला असतो. वैमानिकाने दांडा हलविला की त्याचे विद्युत्-संकेतात रूपांतर होते, ते संकेत संगणकाकडे जातात, संगणक वेग, उंची, झुकाव ही सर्व परिस्थिती पाहतो आणि मग कोणती फळी किती हलवायची ते ठरवून तसा हुकूम धाडतो. तारेतून ओढ जात नाही, निरोप जातो.

मराठी वाचकाला हे समजून घेण्यासाठी इंग्रजी कोशाकडे धाव घेण्याची गरज नाही. आपल्या भाषेत ‘तार’ या शब्दाला धातूची तार आणि तारेने आलेला संदेश असे दोन्ही अर्थ आहेत. मुंबईला माणूस असलेल्या कोकणातील प्रत्येक घराला ‘तार आली’ या दोन शब्दांचा धसका ठाऊक होता. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण शब्दाचा तो अर्थ अद्याप पुसला गेलेला नाही. नव्या विमानातली तार ही या दुसऱ्या अर्थाची तार आहे. वैमानिक तार करतो, संगणक ती वाचतो आणि आज्ञा अमलात आणतो. तार वाचणारा मध्यस्थ आला की दोन शक्यता आपोआप येतात. एक, मजकुरात चूक होण्याची. दुसरी, मजकूर धोक्याचा वाटल्यास तो जसाच्या तसा न पाळण्याची. नोव्हेंबरमधील प्रकरण पहिल्या शक्यतेचे होते. वातावरणाच्या वरच्या थरात अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे संगणकाच्या स्मृतीतील एखाद्या शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होऊ शकतो. नारायणराव पेशव्यांच्या प्रकरणात ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी कथा परंपरेने चालत आलेली आहे. संगणकातील ही ‘ध’चा ‘मा’ होण्याचीच तऱ्हा, फक्त तिच्यामागे कोणाचा हेतू नसतो. म्हणूनच अशा विमानांत एकच संगणक ठेवीत नाहीत. ए-३२० विमानात नियंत्रणासाठी सात संगणक असतात आणि एकाचे दुसऱ्याशी जुळते की नाही याची सतत पडताळणी चालते. पडताळणीच्या या जाळ्यातूनही एखादी चूक निसटू शकते, असा संशय आल्यावर सहा हजार विमानांची आज्ञावली बदलली गेली, हे त्या पद्धतीच्या सावधपणाचे लक्षण म्हटले पाहिजे.

ही पद्धत का आली

विद्युत्-संकेतांवर नियंत्रणाची कल्पना नवी नाही. १९६९ मध्ये प्रथम उडालेल्या काँकर्ड विमानात ती आरंभीच्या स्वरूपात होती. २५ मे १९७२ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ने एफ-८ जातीचे एक लढाऊ विमान अपोलो चांद्रमोहिमेसाठी बनविलेल्या संगणकाच्या साह्याने उडविले. १९७४ मध्ये एफ-१६ आले. प्रवासी वाहतुकीत अंकीय संगणकांवर आधारलेली ही पद्धत पूर्णांशाने आणण्याचा मान ए-३२० कडे जातो. त्याचे पहिले उड्डाण १९८७ च्या फेब्रुवारीत झाले आणि पुढच्या वर्षी ते प्रवाशांच्या सेवेत रुजू झाले. बोइंग कंपनीने आपल्या प्रवासी विमानांत ही पद्धत ७७७ पासून, म्हणजे १९९५ पासून, अंगीकारली.

यामागची कारणे तीन. दोर, कप्प्या व दांडे गेल्याने वजन आणि देखभाल कमी झाली. संगणकाला काही मर्यादा घालून देता आल्या. विमान फार वर उचलले गेले, वेग घातक प्रमाणात घटला किंवा पंख वाजवीपेक्षा अधिक कलले, तर वैमानिकाच्या हाताला न जुमानता त्याला त्या मर्यादेत ठेवता येते. तिसरे कारण लढाऊ विमानांचे. चपळाईसाठी ती मुद्दाम अस्थिर बनविली जातात. हातावर उभी धरलेली काठी जशी क्षणोक्षणी सावरावी लागते, तशी ती सावरावी लागतात. माणसाच्या प्रतिक्रियेला जितका वेळ लागतो तितक्यात ती हाताबाहेर जातील. सेकंदात अनेक वेळा दुरुस्ती करणारा संगणक नसेल, तर अशी विमाने उडूच शकणार नाहीत.

भारतीय ‘तेजस’ हे याच जातीचे विमान. त्याच्या नियंत्रण-व्यवस्थेत चार समांतर मार्ग आहेत, म्हणजे एक-दोन बिघडले तरी उरलेल्यांनी काम चालावे. या व्यवस्थेसाठी अमेरिकी कंपनीचे सहकार्य घेतले होते. १९९८ च्या मे महिन्यातील पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि ते सहकार्य संपुष्टात आले. उरलेले काम भारतीय अभियंत्यांनी येथेच पुरे केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरला हे विमान प्रथम आकाशात गेले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या ‘तेजस मार्क-१ए’ने उड्डाण केले. ओझरचा कारखाना मिग-२१ च्या उत्पादनासाठी साठच्या दशकात उभा राहिला. दांडे आणि तेलाचा दाब यांच्या जमान्यातून संकेत आणि संगणक यांच्या जमान्यापर्यंतचा प्रवास महाराष्ट्रातील या एका कारखान्याने पाहिलेला आहे. विमान निर्माण करणाऱ्या देशाला धातूइतकीच आज्ञावलीची मालकी महत्त्वाची का, याचे उत्तर १९९८ च्या त्या अनुभवात आहे.

शब्दाचा दुरुपयोग

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. ‘फ्लाय-बाय-वायर’ म्हणजे स्वयंचलित विमान, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. स्वयंचालक, म्हणजे ऑटोपायलट, ही निराळी व्यवस्था. ती दोर-कप्प्यांच्या विमानांतही अनेक दशके होती. स्वयंचालक वैमानिकाच्या जागी बसतो, तर ‘फ्लाय-बाय-वायर’ वैमानिकाची आज्ञा फळ्यांपर्यंत कशी पोहोचते एवढेच सांगते. स्वयंचालक बंद करून वैमानिक स्वतः ए-३२० उडवीत असतो, तेव्हाही संगणक मध्यस्थ असतोच.

उलट बाजूने होणारी चूकही तितकीच ठळक आहे. बोइंग ७३७ मॅक्स या विमानाचे दोन भीषण अपघात झाले. पहिला २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि दुसरा १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात. दोहोंत मिळून ३४६ माणसे दगावली. यंत्राने वैमानिकाच्या हातून विमान हिरावून घेतले, असे त्या वेळी म्हटले गेले आणि ते बहुतांशी खरे होते. परंतु ७३७ हे विमान ‘फ्लाय-बाय-वायर’ नाही. त्याच्या मुख्य नियंत्रणात अद्याप दोर आहेत. नाक खाली ढकलणारी एक वेगळी व्यवस्था त्यात बसविली होती, ती एकाच संवेदकाच्या सांगण्यावर विसंबत होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. प्रारंभी परदेशी वैमानिकांच्या कौशल्याकडे बोट दाखवले गेले. व्यवस्थेच्या रचनेकडे लक्ष जाईपर्यंत दुसरे विमान कोसळले होते. शब्द नेमका नसला की दोषही चुकीच्या माणसाच्या माथी बसतो, याचे यापेक्षा दुःखद उदाहरण शोधण्याची गरज नाही.

महाराष्ट्राला निकटचा अनुभव याहून जुना आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान उतरण्याच्या बेतात असताना धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात आदळले. विमानातील १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. हे विमान भारतात येऊन वर्षही झालेले नव्हते. लोकांचा रोख साहजिकच ‘संगणकाच्या विमाना’कडे वळला आणि सरकारने इंडियन एअरलाइन्सची सर्व ए-३२० विमाने काही महिने जमिनीवर ठेवली. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की, उतरताना एंजिने मंद गतीवर राहतील अशी अवस्था निवडली गेलेली होती, वेग घटत चालला होता आणि ते वैमानिकांच्या लक्षात फार उशिरा आले. बारकाईने पाहिले तर एंजिनांची ही अवस्था स्वयंचालनाच्या कक्षेतली होती. फळ्यांपर्यंत जाणाऱ्या संकेतांत बिघाड झालेला नव्हता.

तरीही केवळ ‘वैमानिकाची चूक’ म्हणून तो विषय मिटविता येत नाही. ए-३२० च्या रचनेत एंजिनांची शक्ती संगणक कमी-जास्त करतो, तेव्हा वैमानिकाजवळचे खटके हलत नाहीत. दोन्ही वैमानिकांचे दांडेही एकमेकांना जोडलेले नाहीत, त्यामुळे एकाच्या हाताने काय केले ते दुसऱ्याच्या हाताला कळत नाही. जुन्या विमानात लोखंडी सांध्यातून हाताला जी वार्ता मिळे, ती आता डोळ्यांनी पडद्यावर वाचावी लागते. शिवाय संगणकाची मर्यादा विमानाला तोल जाण्यापासून वाचवू शकते, पण संपलेली उंची आणि मेलेला वेग परत देऊ शकत नाही. नव्या पद्धतीने काही जुने अपघात टाळले आणि काही नव्या चुकांना वाव दिला, असाच समतोल निष्कर्ष काढावा लागतो.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील आकाशात ७ ऑक्टोबर २००८ रोजी क्वांटास कंपनीच्या ए-३३० विमानाबाबत घडले ते मात्र खऱ्या अर्थाने या पद्धतीच्या सदरात मोडते. माहिती पुरविणाऱ्या एका उपकरणाने भलतेच आकडे पाठविले, नियंत्रण-संगणकाने ते खरे मानले आणि विमानाचे नाक दोनदा खाली दाबले. शंभराहून अधिक लोक जखमी झाले. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरविले. संगणक आपल्या नियमांप्रमाणेच वागला होता, चूक त्याला मिळालेल्या वार्तेत आणि ती पारखण्याच्या नियमात होती.

यातून जबाबदारीचा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहतो. पूर्वी अपघातानंतर दोन पक्ष असत, वैमानिक आणि यंत्र. आता तिसरा पक्ष आहे, तो नियम लिहिणारा. संगणकाने केव्हा वैमानिकाचे ऐकायचे आणि केव्हा नाही, हे कित्येक वर्षांपूर्वी एखाद्या कचेरीत बसून कोणी तरी ठरविलेले असते. या नियमांना त्या शास्त्रात ‘लॉ’, म्हणजे कायदा, असेच म्हणतात. सर्व ठीक असताना लागू होणारा एक, काही संगणक निकामी झाल्यावर लागू होणारा दुसरा आणि दांड्याची आज्ञा थेट फळीकडे पोहोचविणारा तिसरा. कायदा म्हटला की तो कोणी केला, कोणी तपासला आणि तो ज्यांना पाळायचा त्यांना पुरता शिकविला काय, हे प्रश्न नागरिकाने विचारायचेच असतात. विमानाला ते लागू नाहीत असे समजण्याचे कारण नाही.

शब्द कोणी घडवायचे

मग या संज्ञेला मराठी प्रतिशब्द असावा काय? हा प्रश्न महाड-पोलादपूरच्या परिसराला तरी अनोळखी नसावा. महाड तालुक्यातील रायगडावर १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. राज्यकारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांच्याच आज्ञेने सिद्ध झाला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, पेशव्याचा पंतप्रधान झाला. मात्र कोशाने दिलेले सारेच शब्द लगेच रुजले नाहीत. ‘पेशवा’ हा शब्द पुढे शे-दीडशे वर्षे मराठ्यांच्या इतिहासावर राज्य करून गेला. ‘पंतप्रधान’ मात्र स्वतंत्र भारतात प्रत्येकाच्या ओठी आला. कोशकार शब्द देतो, रुजविण्याचे काम व्यवहार करतो आणि त्याला कधी कधी शतके लागतात, हा त्यातून निघणारा बोध.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांतून देण्यास परवानगी मिळाली आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषाकोश काढलेले आहेत. अशा स्थितीत ‘संकेतवाही नियंत्रण’ असा एखादा शब्द सुचविणे अवघड नाही आणि तो अर्थाला धरूनही आहे. ‘तारेने उडणारे’ किंवा ‘स्वयंचलित’ यांपेक्षा तो निश्चित बरा. परंतु वैमानिक, अभियंता आणि तंत्रज्ञ कामावर जो शब्द वापरतात तो वाचकापासून दडवून ठेवण्यातही हित नाही. ‘फ्लाय-बाय-वायर’ हा शब्द नागरी लिपीत तसाच ठेवावा आणि अर्थ मराठीत सांगावा, हा आजच्या घडीचा व्यवहार्य मार्ग दिसतो. ‘स्टेशन’ आणि ‘आगगाडी’ हे दोन्ही शब्द मराठीत सुखाने नांदले आहेत. नवा शब्द कोणताही येवो, अर्थाची सरमिसळ तेवढी होता कामा नये.

ही सरमिसळ टाळण्याचे काम शाळेत सुरू होऊ शकते. पोलादपूर तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाने सायकलच्या ब्रेकची तार आणि दिव्याच्या बटणाची तार फळ्यावर शेजारी शेजारी काढली, तर दोन्हींतला भेद आठवीच्या मुलाला दहा मिनिटांत समजेल. पहिली ओढ नेते, दुसरी आज्ञा नेते. बटण आणि दिवा यांच्यामध्ये एक विचार करणारा मध्यस्थ बसविला की आधुनिक विमानाचे तत्त्व तयार होते. त्या वर्गातला विद्यार्थी उद्या लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात जाईल, ओझरच्या कारखान्यात जाईल किंवा नवी मुंबईच्या विमानतळावर नोकरीला लागेल. यांपैकी काहीच झाले नाही, तरी तो वृत्तपत्र वाचणारा नागरिक होईल.

अशा नागरिकाने अपघाताची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. आज्ञा वैमानिकाची होती की स्वयंचालकाची? आज्ञा वाटेत बदलली की जशीच्या तशी पोहोचली? आणि संगणकाने नियमाप्रमाणे काम केले असेल, तर तो नियम योग्य होता काय? या प्रश्नांची उत्तरे देणे हे शासनाच्या विमान अपघात अन्वेषण यंत्रणेचे कर्तव्य आहे. तिचे अहवाल इंग्रजीत आणि तांत्रिक भाषेत निघतात. त्यांचा सुबोध सारांश भारतीय भाषांतून प्रसिद्ध करण्यास फारसा खर्च येणार नाही. ज्यांची माणसे विमानाने जातात आणि कधी परत येत नाहीत, त्यांना नेमके काय घडले ते आपल्या भाषेत कळण्याचा अधिकार आहे. एके काळी कोकणातील घरी तार आली की ती वाचून दाखवायला मास्तरांना बोलावीत. विमानविद्येच्या बाबतीत आज बहुसंख्य समाज त्याच अवस्थेत आहे. वाचून दाखविणारा प्रामाणिक असावा आणि ऐकणाऱ्याला शब्दांचे अर्थ ठाऊक असावेत, एवढी तजवीज तरी आता व्हावयास हवी.